सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेचे गद्य

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा करताना आपण बहुधा लेखकाच्या व्यक्तिमत्त्वापासून आरंभ करतो. त्याची दृष्टी रसिक आहे की चिकित्सक, त्याचा विनोद निर्विष आहे की बोचरा, परदेश पाहताना त्यास स्वदेशाची आठवण कोठे होते, इत्यादी प्रश्न आपल्या प्रबंधांतून वारंवार येतात. परंतु आज परदेशी जाणारा मराठी माणूस पुष्कळदा एक प्रवासवर्णन वाचूनच घराबाहेर पडतो, आणि परतल्यावर तो जे सांगतो वा लिहितो त्याचा साचा त्या वाचनातून आलेला असतो. हे प्रवासवर्णन म्हणजे सहलसंस्थेने छापलेली दिवसवार कार्यक्रमपत्रिका होय. तिला कर्त्याचे नाव नसते, ती पुस्तकाच्या दुकानात मिळत नाही, आणि वाङ्मयेतिहासात तिची नोंद होण्याचा संभवही नाही. तथापि गद्याचा एक प्रकार म्हणून तिची परीक्षा करणे अगत्याचे झाले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उदाहरणासाठी येथे स्वित्झर्लंडची सहल घेतली आहे. सरोवरे, हिमशिखरे आणि द्राक्षमळे ही तिन्ही तेथे आठवड्याभराच्या मार्गात सामावतात, आणि महाराष्ट्रातून निघणाऱ्या सामूहिक सहलींत हा देश नेहमीच येतो. शिवाय, मार्गदर्शकाच्या देखरेखीखालील सहलीचा या देशातील इतिहास जुना असून सुदैवाने लेखनबद्ध आहे.

या इतिहासाचा आरंभ मात्र स्वित्झर्लंडमध्ये नाही. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक या इंग्लिश गृहस्थाने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे ५०० माणसे आगगाडीने नेली. ही सहल मद्यपाननिषेधाच्या मेळाव्यासाठी होती आणि कुक स्वतः त्या चळवळीचा निष्ठावंत कार्यकर्ता होता. त्याच्या परंपरेतील सहल आज द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात जाऊन वाईनचे घोट चाखविते, हा इतिहासाचा विनोद केवळ नोंदवून पुढे जाऊ. १८६३ च्या जूनअखेरीस कुकची पहिली स्विस सहल लंडनहून निघाली. तीत यॉर्कशायरकडील जेमायमा मोरेल नावाची तरुणी होती. तिने व तिच्या निकटच्या सोबत्यांनी आपल्या टोळीस ‘ज्युनियर युनायटेड अल्पाइन क्लब’ असे भारदस्त नाव दिले होते. लंडनचा खरा अल्पाइन क्लब १८५७ साली स्थापन झाला होता आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे त्यात स्त्रियांना प्रवेश नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे या नावातील थट्टेची धार कळते. जेमायमाने लिहिलेली दैनंदिनी त्या ‘क्लबा’चे कामकाज म्हणून खाजगी वाचनापुरती होती. हस्तलिखित पुढे नाहीसे झाले, दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधील बाँबहल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात सापडले, आणि सहलीच्या शताब्दीस, म्हणजे १९६३ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. जिनीव्हा, शामोनी, ऱ्होन नदीचे खोरे, लॉयकरबाडची उष्णोदके, गेमीची खिंड, इंटरलाकेन, रिगी असा त्यातील मार्ग आहे. त्यातील बराचसा भाग आजच्या कोणत्याही पत्रिकेत जवळपास तसाच सापडेल.

या दैनंदिनीच्या मराठी भाषांतराचा विचार केला की एक अडचण पहिल्याच पानावर उभी राहते, आणि ती आपल्या विषयाच्या गाभ्याशी निगडित आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन आहेत. पहिल्यात श्रोता वगळलेला, दुसऱ्यात समाविष्ट. कुकच्या मेळाव्यातील एक व्यक्ती म्हणून जेमायमा बोलते तेव्हा तिचा ‘आम्ही’ मोठा असतो, क्लबाची सभासद म्हणून बोलते तेव्हा लहान. आणि ज्या सोबत्यांसाठी ती लिहिते त्यांना उद्देशून बोलते तेव्हा तर तो ‘आपण’च केला पाहिजे. इंग्रजी सर्वनामाला हे तिन्ही अर्थ सोसतात. मराठी भाषांतरकाराला प्रत्येक वाक्यात निवड करावी लागेल, आणि त्या निवडीतून एक गोष्ट उघड होईल: सामूहिक सहलीतील माणूस समूहात बुडून जातो हा समज खरा नव्हे. तो समूहात आपला लहान समूह करतो, त्याला नाव देतो, आणि त्या नावाने मोठ्या समूहाकडे किंचित वरून पाहतो.

मराठी कार्यक्रमपत्रिका या बाबतीत काय करते? ती ‘आपण’ वापरते, पण कोणता ‘आपण’ ते ठरवीत नाही. ‘आपण लुत्सर्नला पोहोचाल’ यातील ‘आपण’ आदरार्थी द्वितीयपुरुष आहे. ‘आपण लुत्सर्नला पोहोचू’ यातील समावेशक प्रथमपुरुष. क्रियापदाच्या एका प्रत्ययाने सांगणारा प्रवाशासमोर उभा राहतो किंवा त्याच्या शेजारी येऊन बसतो. एकाच पत्रिकेत, कित्येकदा एकाच दिवसाच्या मजकुरात, हे दोन्ही आढळतात. हा मुद्रणदोष नव्हे. विक्रेत्याला ग्राहकाचा आदरही हवा असतो आणि सहप्रवाशाची सलगीही, आणि मराठीने त्याला एकाच शब्दात दोन्ही पुरविली आहेत.

जेथे ‘आपण’ नसतो तेथे कर्ताच नसतो. या गद्याचे खरे व्याकरणिक लक्षण म्हणजे ‘-ण्यात येईल’ हा प्रयोग. नमुन्यादाखल एखादे वाक्य बनवावयाचे झाल्यास ते असे होईल: न्याहारीनंतर निसर्गरम्य द्राक्षमळ्यांतून फेरफटका मारण्यात येईल. येथे फेरफटका आहे, पण तो मारणारा कोणी नाही. फेरफटक्यासारखी ऐच्छिक, निरुद्देश, जवळजवळ आळसट क्रिया सरकारी हुकुमाच्या प्रयोगात बसविली की दोहोंचाही मान राहत नाही. (विद्यापीठीय गद्यालाही हा प्रयोग परका नाही, या पत्रातील सूचना वाचणाऱ्यांना ते सांगावयास नकोच.) यास पूरक असे दुसरे क्रियापद ‘दाखवणे’. प्रवासी पाहतो हे पत्रिकेत क्वचितच येते. त्याला दाखविले जाते. पाहणे या क्रियेत चुकीचे पाहणे, न पाहणे, भलतेच पाहत बसणे यांस वाव असतो. दाखविण्यात तो नसतो.

परतलेल्या प्रवाशाच्या तोंडी मात्र तिसरेच क्रियापद येते: ‘आम्ही स्वित्झर्लंड केलं.’ या वाक्यप्रयोगाची इंग्रजीची नक्कल म्हणून चेष्टा करण्याची प्रथा आहे. ती सर्वस्वी न्याय्य नाही. इंग्रजीत तसा प्रयोग आहे हे खरे. परंतु ‘चारी धाम केले’, ‘काशी केली’, ‘वारी केली’ ही मराठी वाक्ये पर्यटनसंस्थांहून पुष्कळ जुनी आहेत. तेथे ‘करणे’ म्हणजे एक कर्तव्य पुरे करणे, ऋण फेडणे. सहलीहून आलेली वृद्ध स्त्री ‘युरोप केला’ म्हणते तेव्हा तिच्या मनात कोणता ‘करणे’ आहे हे ऐकणाऱ्याने तपासून पाहावे. पुष्कळदा त्यात मुलांची शिक्षणे, लग्ने, आजारपणे उरकल्यानंतर स्वतःचे एक राहिलेले काम झाल्याचे समाधान असते. त्या समाधानास उथळ म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला कोणी दिला, हे प्रस्तुत लेखकास उमगलेले नाही.

किंबहुना सामूहिक प्रवाशाविषयीचा तिरस्कार हाही एक जुना वाङ्मयीन प्रकार आहे. इटलीत ब्रिटिश उपवकील असलेल्या चार्ल्स लीव्हर या कादंबरीकाराने १८६५ साली ब्लॅकवुड्स मासिकात टोपणनावाने कुकच्या प्रवाशांवर लेख लिहिला. त्यात त्याने त्यांना हाकलल्या जाणाऱ्या कळपाची उपमा दिली, आणि ऑस्ट्रेलियाने नाकारलेले कैदी इंग्लंड अशा रीतीने बाहेर सोडीत आहे अशी हूलही उठविली. लीव्हरच्या लेखामागे आपला युरोप आता कारकून आणि शिक्षिका पाहू लागल्या याची चरफड आहे. आपल्याकडील ‘मी सहलीने गेलो नाही, एकटा हिंडलो’ या प्रौढीत तिचा अंश नसतोच असे नाही. जेमायमासारखीला बंधूसोबत वा पतीसोबतच्या बैठ्या प्रवासाखेरीज दुसरा मार्ग कुकच्या तिकिटाने मिळाला, आणि आज महाराष्ट्रातून निघणाऱ्या केवळ स्त्रियांच्या सहलींनीही तेच केले आहे. तेव्हा आमचा आक्षेप समूहावर नाही, मार्गदर्शकावरही नाही. तो वाक्यावर आहे.

त्या वाक्यातील सर्वांत उपद्रवी शब्द ‘निसर्गरम्य’ हा होय. पत्रिकेत सरोवर निसर्गरम्य, पर्वत निसर्गरम्य आणि द्राक्षमळाही निसर्गरम्यच असतो. एका विशेषणाने तीन भिन्न जातींच्या वस्तू एका पातळीवर आणल्या जातात.

सरोवरांविषयी थोडक्यात सांगून भागेल. पत्रिका ज्याला जिनीव्हा सरोवर म्हणते त्याचे स्थानिक नाव लेमां असे असून ते लॅटिन काळापासून चालत आले आहे. काठावरच्या व्हो प्रांतातील माणसाला आपले सरोवर शेजारच्या शहराच्या नावाने ओळखले जाणे फारसे रुचत नाही. लुत्सर्नच्या सरोवराचे जर्मन नाव चार वनप्रांतांचे सरोवर अशा अर्थाचे आहे. म्हणजे नावातच काठावरच्या राज्यसंघाचा इतिहास आहे. पत्रिकेत उरते ते गावाचे नाव, कारण हॉटेल गावात असते.

पर्वतांची कथा अधिक बोधप्रद आहे. ‘आल्प’ हा शब्द आपण शिखरांसाठी वापरतो. स्थानिक बोलीत आल्प म्हणजे डोंगरावरचे उंच कुरण, जेथे उन्हाळ्यात गुरे नेतात आणि पानगळीच्या सुमारास सजवून खाली आणतात. पायथ्याशी राहणाऱ्याला शिखराचा उपयोग नव्हता. त्याने नाव दिले ते चराऊ रानाला. खालून पाहणाऱ्या परक्याने तेच नाव वरच्या बर्फाला लावले. अशीच गत युंगफ्राउयोख या स्थळाची. मराठी सहलींच्या कार्यक्रमातील हा हमखास मानबिंदू; १९१२ पासून तेथवर आगगाडी जाते, आणि जाहिरातीत त्याचा गौरव ‘युरोपचे शिखर’ असा होतो. परंतु ३४५४ मीटर उंचीवरचे हे स्थळ शिखर नव्हेच. युंगफ्राउ आणि म्योंख या दोन शिखरांमधली ती खिंड आहे, आणि नाव तेच सांगते. जर्मन ‘योख’ म्हणजे जू. बैलांच्या मानेवरच्या जुवाप्रमाणे दोन उंचवट्यांच्या मध्ये टेकलेला भाग. लॅटिन ‘इउगुम’, संस्कृत ‘युग’ आणि प्राकृतातून आलेले आपले ‘जू’ ही सर्व एकाच कुळातील भावंडे. म्हणजे ज्या जागी मराठी प्रवासी ‘शिखर सर केल्या’चे छायाचित्र काढतो, तिच्या नावात त्याच्या आजोबांच्या गोठ्यातला शब्द बसलेला आहे. पत्रिकेने ते नाव जसेच्या तसे छापले, पण ऐकले नाही.

आता द्राक्षमळे. लोझान आणि मोंत्रो यांच्या दरम्यान, लेमांच्या उत्तर काठावर, लावो नावाचा उतार आहे. शियोंच्या किल्ल्यापासून लोझानच्या वेशीपर्यंत सुमारे ३० किलोमीटर हे मळे पायऱ्यापायऱ्यांनी पसरले आहेत. आजच्या पायऱ्यांचा माग अकराव्या शतकापर्यंत लागतो. बेनेडिक्टीन व सिस्टर्शियन मठांच्या ताब्यात तेव्हा हा भाग होता. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तशा दगडी भिंतींनी उतारावरची माती अडविलेली आहे. पाऊस माती खाली ओढतो. ती पूर्वी पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर वाहून नेत. द्राक्षांना येथे तीन सूर्य मिळतात, अशी स्थानिक म्हण आहे: आकाशातला एक, पाण्यातून परावर्तित होणारा दुसरा, आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्री जी ऊब देतात तो तिसरा. तिसरा सूर्य माणसाने रचलेला आहे, हे सांगावयास नको.

अशा स्थळाला ‘निसर्गरम्य’ म्हणणे हे केवळ सैल लेखन नव्हे. ते विधान म्हणून असत्य आहे. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत युंगफ्राउचा परिसर २००१ साली आला तो नैसर्गिक वारसा म्हणून, आणि लावो २००७ साली आला तो सांस्कृतिक वारसा म्हणून. जे वर्गीकरण एका आंतरराष्ट्रीय समितीला करता आले ते मराठी विशेषणाला का करता येऊ नये? हे मळे आज शिल्लक राहिले त्यामागेही माणसांचा निर्णय आहे: सरोवराकाठी बंगल्यांची बांधकामे वाढू लागली तेव्हा फ्रांझ वेबर यांच्या पुढाकाराने चळवळ झाली, आणि १९७७ साली व्हो प्रांताच्या मतदारांनी लावोच्या संरक्षणाच्या बाजूने कौल दिला.

याच काठावरील वेवे या गावी द्राक्षकरांचा एक महोत्सव होतो. १७९७ पासून चालत आलेली ही परंपरा पिढीतून एकदाच प्रकटते. १९५५, १९७७, १९९९ आणि २०१९ हे अलीकडचे प्रसंग. प्रचंड रंगमंडप, हजारो पात्रे, संगीत यांमुळे तो प्रसिद्ध आहे, परंतु त्याचे मूळ प्रयोजन साधे आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या मळ्यात ठरावाने काम करणाऱ्या उत्तम कामगारांचा तेथे मुकुट घालून सन्मान होतो. द्राक्षकरांचा संघ त्यांच्या मळ्यांची वेळोवेळी तपासणी करतो, आणि त्या तपासणीवर हा मान ठरतो. मालकाचा नव्हे, राबणाऱ्याचा हा गौरव आहे. पत्रिकेत वेवेची ओळख सरोवराकाठचे टुमदार गाव अशी येते.

येथे मराठी वाचकाचा विशेष संबंध पोहोचतो. नाशिककडचा द्राक्षबागाईतदार अशा सहलीत असतो, ही कल्पनेतली गोष्ट नाही. त्याच्यापाशी या दृश्यासाठी विशेषणे नसतील, पण नामे व क्रियापदे भरपूर आहेत: काडी, ओलांडा, मांडव, घड, मणी, एप्रिलातली खरड छाटणी, ऑक्टोबरातली गोडी छाटणी, फुटींची विरळणी. त्याच्या वेलीला वर्षातून दोनदा छाटावे लागते, कारण तिला हिवाळ्याची झोप मिळत नाही. लावोतील वेल हिवाळ्यात निजते आणि तिची मुख्य छाटणी तेव्हा एकदाच होते. मराठी सहली बहुतेक एप्रिल ते जून या सुट्टीच्या दिवसांत जातात. पत्रिकेवर भरलेल्या घडांचे चित्र असले तरी त्या महिन्यांत लावोत एकही घड नसतो, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. मे-जूनमध्ये तेथे चालते ती नको असलेली फूट व पाने काढण्याची कामे, आणि त्यासाठी पूर्वी सरोवरापलीकडच्या सव्हॉयातून बायका येत. बसच्या काचेतून हे ओणवलेले आकार ज्याला ‘विरळणी’ हा शब्द येतो त्यालाच दिसतील. इतरांस हिरवळ दिसेल. शब्दसंपत्ती ही दृष्टीच्या आड येत नाही, ती दृष्टीला जागा करून देते, याचे याहून स्पष्ट उदाहरण वर्गात देणे कठीण आहे.

मद्याच्या बाबतीत पत्रिकेची क्रियापदे विलक्षण सोवळी होतात. तेथे कोणी पीत नाही. ‘आस्वाद’ घेतात, ‘चव’ घेतात, किंवा क्रियापदच टाळून ‘वाईन टेस्टिंग’ असे नाम ठेवून देतात. याचे कारण सामाजिक आहे. आपल्या शहरांत ‘वाईन शॉप’ या पाटीखाली व्हिस्कीही मिळते, त्यामुळे मराठीत वाईन हा शब्द द्राक्षापासून केव्हाच सुटला आहे. आणि ‘दारू’ म्हटले तर घरचे वडील माणूस पत्रिका मिटून ठेवील. ही अडचण समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यापायी त्या पेयाचे नावही जाते. लावोत ज्या द्राक्षापासून शुभ्र वाईन करतात त्या जातीस शास्ला म्हणतात. ऱ्होनच्या वरच्या खोऱ्यात, वाले प्रांतात, त्याच द्राक्षाच्या वाईनचे नाव फाँदां होते. एक द्राक्ष, दोन प्रांत, दोन नावे. बोलीभूगोलाच्या अभ्यासकाला एवढे पुरे. पत्रिकेत उरतो तो पेला.

या छापील गद्याच्या तुलनेत मार्गदर्शकाचे तोंडी बोलणे पुष्कळच जिवंत असते, आणि त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. चालत्या बसमध्ये दर्शक सर्वनामांची जी तारांबळ उडते ती भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा अवश्य ऐकावी. ‘हा जो डोंगर’ असे म्हणेपर्यंत तो ‘तो’ झालेला असतो, मागच्या बाकावरच्यांसाठी तो अजून ‘हा’च असतो, आणि ‘उजवीकडे पाहा’ या आज्ञेला मार्गदर्शक प्रवाशांकडे तोंड करून उभा असल्यास दोन अर्थ होतात. पण येथे कोणीतरी कोणाला तरी काही सांगत असते. ‘ते वर काय करताहेत?’ असा प्रश्न येऊ शकतो, आणि उत्तर ठाऊक नसल्यास मार्गदर्शकाला चालकाला विचारावे लागते. ‘-ण्यात येईल’ला प्रश्न विचारता येत नाही.

ठरविलेले पाहणे मुळातच निष्फळ असते, असे यावरून कोणी अनुमान काढू नये. रिगीवरचा सूर्योदय जेमायमाच्या काळीही ठरलेलाच होता. वरच्या हॉटेलात लांबलचक शिंग फुंकून पाहुण्यांना अंधारात उठवीत. १८७१ साली तेथे दातेरी रुळांची रेल्वे झाली आणि चढण्याचे श्रमही गेले. मार्क ट्वेनने १८८० च्या आपल्या प्रवासग्रंथात या विधीची जी टर उडविली आहे, तीत प्रवासी इतका गाढ झोपतो की सूर्योदय समजून सूर्यास्त पाहतो. तरीही त्या पहाटे उठलेल्या हजारोंपैकी काहींनी खरोखर काही पाहिले असेल, यात शंका घेण्याचे कारण नाही. ‘प्रवास’ या शब्दात ‘वस्’ धातू आहे. मूळ अर्थ घराबाहेर राहणे. ‘पर्यटना’त ‘अट्’ म्हणजे भटकणे, ‘यात्रे’त ‘या’ म्हणजे जाणे. मराठीने प्रवासातले राहणे सोडून जाणे तेवढे ठेवले, आणि दोन रात्रींचा मुक्काम हे त्या अर्थांतराचे केवळ वेळापत्रक आहे.

या विभागातील प्रवासवर्णनविषयक प्रबंधांतून यापुढे एक तरी प्रकरण अशा पत्रिकांच्या भाषेवर यावे, अशी सूचना करावीशी वाटते. त्यासाठी साधनसामग्री जमविणे हे पहिले काम आहे, कारण हे वाङ्मय हंगाम संपताच रद्दीत जाते. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी जुन्या सहलींच्या मराठी कार्यक्रमपत्रिका असतील त्यांनी त्या वर्षाच्या नोंदीसह विभागाकडे आणून द्याव्यात. समासात प्रवाशाने पेन्सिलीने काही लिहिले असल्यास ते पुसू नये.